पेल्यांचा किणकिणाट

ध्वनिमुद्रणातून नको असलेला आवाज वगळावा म्हणून माणसाने केवढा खटाटोप केला आहे! भिंतींना जाड अस्तरे लावली, दारे हवाबंद केली, खोकणाऱ्याला बाहेर बसविले. असे असूनही जॅझ संगीताच्या चाहत्यांना ज्या मोजक्या ध्वनिमुद्रिका जीव की प्राण वाटतात, त्यांतील एक अशी आहे की तिच्यात वाद्यांच्या बरोबरीने पेल्यांचा किणकिणाट, दबक्या गप्पा आणि मधूनच उमटलेले हसू ऐकू येते. २५ जून १९६१, रविवारचा दिवस. न्यू यॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातील 'व्हिलेज व्हॅनगार्ड' या तळघरातल्या क्लबात पियानोवादक बिल एव्हन्स यांच्या त्रयीने दुपारी दोन आणि रात्री तीन अशा पाच बैठकी सादर केल्या. डबल बासवर स्कॉट लाफारो होते आणि ड्रमवर पॉल मोशन. रिव्हरसाईड कंपनीचे निर्माते ऑरिन कीपन्यूज यांनी हे सारे ध्वनिमुद्रित करून घेतले. त्यातून दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि पुढे २००५ साली पाचही बैठकी सलग अशा प्रसिद्ध झाल्या. त्यात पहिल्याच रचनेच्या मध्ये वीज गेल्याने पडलेला खंडसुद्धा तसाच ठेवला आहे.

ही ध्वनिमुद्रिका आम्ही प्रथम ऐकली ती सेमिनरीत, तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या एका फादरांच्या खोलीत, कॅसेटवर. एव्हन्स यांनी आपल्या चिमुकल्या पुतणीसाठी रचलेली एक हळुवार चाल चालू होती आणि तिच्यामागे पेले वाजत होते. आमच्यातील एकाने न राहवून विचारले, "फादर, ही माणसं गप्प का बसत नाहीत?" फादर मितभाषी. त्यांनी कॅसेट मागे फिरवली, तोच भाग पुन्हा लावला आणि म्हणाले, "आता बास ऐका."

डबल बास म्हणजे व्हायोलिनचे थोरले भावंड, माणसाहून उंच. जॅझमध्ये ते बहुधा बोटांनी छेडतात. त्याचा आवाज खोल खरा, पण मंद. म्हणूनच, बासवादकाच्या एकल वादनाची पाळी आली की श्रोत्यांच्या गप्पांना ऊत येतो, असा एक जुना विनोद जॅझवादकांत प्रचलित आहे. त्याचे कारणही साधे आहे. ड्रम आणि पियानो मंदावले की जो तो आपलाच आवाज ऐकू लागतो, आणि आपला आवाज कोणाला आवडत नाही! एव्हन्स यांच्या त्रयीत मात्र बास नुसता ताल धरून मागे चालत नसे. तो पियानोशी संवाद करी, त्याला अडवी, त्याचे वाक्य पुरे करी. हे संभाषण तळघरात चालू असताना शेजारच्या टेबलावर दुसरेच संभाषण चालले होते, आणि यंत्राने दोन्ही टिपून ठेवली.

त्यानंतर अकराव्या दिवशी, ६ जुलै १९६१ रोजी, मोटार अपघातात लाफारो मृत्यू पावले. वय अवघे २५ वर्षे. एव्हन्स यांनी त्यानंतर कित्येक महिने जाहीर वादन केले नाही. तेव्हा त्या रविवारी तळघरात जे बोलत होते, ते या त्रयीच्या अखेरच्या वादनावर बोलत होते. त्यांना हे ठाऊक असणे शक्य नव्हते. कोणाची तरी नोकरी, कोणाचे लग्न ठरलेले, असले काही बोलणे चालले असेल. ते ऐकताना आम्हांला त्यांचा राग येत नाही, पण कान टवकारतात हे खरे.

आता या गप्पिष्ट मंडळींची एक बाजूही मांडली पाहिजे. जॅझ क्लब केवळ प्रवेशमूल्यावर चालत नाही. पेयांच्या विक्रीवर तगून राहतो. मॅक्स गॉर्डन यांनी १९३५ साली व्हॅनगार्ड सुरू केला तो कवींच्या काव्यवाचनासाठी आणि विनोदी कार्यक्रमांसाठी. पूर्णपणे जॅझला वाहिलेला क्लब तो १९५७च्या सुमारास झाला. जेमतेम सव्वाशे माणसे मावतील एवढीच ती जागा. ज्या पेल्याचा किणकिणाट आपल्या कानांना खुपतो, त्याच पेल्याने लाफारो यांचा त्या रात्रीचा मेहनताना दिला.

शिवाय या संगीताचा जन्मच मुळी गोंगाटात झालेला. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स शहरात, कृष्णवर्णीय समाजात ते आकाराला आले: रस्त्यावर, नाचघरात, अंत्ययात्रेत. तेथील अंत्ययात्रेपुढे पितळी वाद्यांचा बँड जाताना संथ भक्तिगीते वाजवी, आणि दफनानंतर परतताना तोच बँड जोमदार चाली धरी. त्याच्यामागून रस्त्यावरची माणसे छत्र्या आणि रुमाल नाचवीत निघत. श्रोता आणि वादक यांच्यामध्ये तिथे रेघच नव्हती. गोव्यात आणि मुंबईतही ख्रिस्ती अंत्ययात्रेपुढे बँड चालत असे. पण त्याच्यामागून नाचण्याची कल्पना आमच्या आजीबाईंना मानवली नसती.

दुसरा झरा चर्चमधला. अमेरिकेतील कृष्णवर्णीय भाविकांच्या प्रार्थनामंदिरांत प्रवचनकार एक वाक्य उच्चारतो आणि बाकांवरून 'आमेन' उसळते. प्रवचन करणारा एकटा पडत नाही. ऐकणारे त्याला पुढे ढकलीत नेतात. जॅझमध्ये सॅक्सोफोनवादकाच्या एखाद्या ओळीला टेबलावरून जी आरोळी येते, तिचे मूळ इथे आहे. आपल्या मैफलीत समेवर येणारी 'वाहवा' हिचीच दूरची बहीण. (आमच्या स्वतःच्या प्रवचनाला असा प्रतिसाद कोणी दिला, तर आम्ही दचकून पुढचा मुद्दा विसरू. प्रवचन चालू असता आमच्या कानी येतो तो आवाज बहुधा एखाद्या बाळाचा असतो, नाहीतर मोबाईलचा.) एकल वादन संपताच, रचना चालू असतानाच, टाळ्या देण्याची जॅझमधील रीतही याच वळणाची. काही जाणकार तिच्यावर नाराज असतात. पुढच्या वादकाचे पहिले सूर टाळ्यांत बुडतात, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नाही, पण टाळ्या बंद केल्या तर वादकाला उत्तर कोण देणार?

म्हणजे गोंगाट म्हणून सरसकट नाक मुरडावे, अशी ही गोष्ट नव्हे. वादकाचे बोट धरून चाललेला आवाज वेगळा, आणि समोर माणूस वाजवीत आहे हे ध्यानातच न घेणारा आवाज वेगळा. दुसऱ्या प्रकारामागे अमेरिकेत एक कडू इतिहास आहे. न्यू यॉर्कच्या हार्लेम भागातील 'कॉटन क्लब'मध्ये ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद १९२७ पासून काही वर्षे वाजवीत होता. रंगमंचावर सारे कृष्णवर्णीय, टेबलांवर गोरे गिऱ्हाईक. कृष्णवर्णीयाला श्रोता म्हणून तिथे प्रवेश नसे. ज्यांच्याबरोबर एका टेबलावर बसण्याची मुभा नाही, त्यांच्यासाठी वाजवायचे, आणि त्यांनी पाठ फिरवून जेवायचे! अशा ठिकाणी गप्पांचा आवाज नुसता कानावर पडत नसेल.

या पार्श्वभूमीवर बार्नी जोसेफसन यांनी १९३८ साली ग्रीनिच व्हिलेजमध्येच 'कॅफे सोसायटी' नावाचा क्लब काढला. तिथे गोरे-काळे शेजारी बसत. १९३९ साली बिली हॉलिडे तिथे एक गीत गाऊ लागल्या. एबल मिरोपोल नावाच्या शिक्षकाने लिहिलेले ते गीत दक्षिणेतील जमावांनी ठार करून झाडांना टांगलेल्या कृष्णवर्णीयांविषयी होते. जोसेफसन यांनी त्यासाठी नियम घालून दिला. ते गीत शेवटचे असेल. ते सुरू होण्याआधी वेटरांनी वाढणे थांबवावे. सारे दिवे मालवावेत. एकच झोत गायिकेच्या चेहऱ्यावर राहावा. गीत संपताच तोही विझावा, आणि पुन्हा दिवे लागतील तेव्हा ती तिथे नसावी. कितीही टाळ्या पडोत, पुन्हा येऊन अभिवादन नाही, 'वन्स मोअर' नाही.

या व्यवस्थेतील एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. जोसेफसन यांनी गिऱ्हाइकाला गप्प बसा म्हणून सांगितले नाही. त्यांनी वेटरला थांबविले. गिऱ्हाईक बोलते ते पुष्कळदा ताटली पुढे आली म्हणून, बिल आले म्हणून. हातात काही नसले आणि अंधार झाला की माणूस आपोआप रंगमंचाकडे पाहतो. आमच्या वाचकांना गुड फ्रायडेचा उपासनाविधी आठवेल. घंटा नाही, वेदीवर वस्त्र नाही, शेवटचे गीत नाही. लोक न बोलता घरी जातात, आणि तसे जा म्हणून त्यांना कोणी बजावलेले नसते. बिली हॉलिडे यांचे बालपण अत्यंत हलाखीचे होते. बाल्टिमोर येथे धर्मभगिनींच्या आश्रमात ठेवलेले असताना त्यांचा कॅथलिक बाप्तिस्मा झाला होता, आणि १९५९ साली त्यांची अंत्यविधीची मिस्साही न्यू यॉर्कच्या संत पौलाच्या चर्चमध्ये झाली.

चार्ल्स मिंगस यांची तऱ्हा निराळी. हे थोर बासवादक आणि रचनाकार, स्वभाव भडक. श्रोते बोलू लागले की वादन थांबवून ते त्यांना खडसावीत. १९६० साली त्यांनी एक ध्वनिमुद्रिका केली. मुद्रण स्टुडिओत झाले, समोर एकही श्रोता नव्हता. तरीही आपण क्लबातच आहोत असे मानून मिंगस प्रारंभी त्या नसलेल्या श्रोत्यांना सूचना देतात: टाळ्या देऊ नका, पेले वाजवू नका, गल्ल्याच्या यंत्राची घंटाही नको. प्रथम ऐकताना हसू येते. पण त्याच ध्वनिमुद्रिकेत आर्कान्साच्या गव्हर्नरवरील त्यांचे उपहासगीत आहे. १९५७ साली कृष्णवर्णीय मुलांना शाळेत शिरू न देण्यासाठी याच गव्हर्नराने सशस्त्र पहारा बसविला होता. दोन्ही लागोपाठ ऐकली म्हणजे हसू मावळते. ज्या समाजाला बोलूच दिले नाही, त्यातील एक माणूस आता मी बोलतो आहे, तुम्ही ऐका, असे म्हणतो आहे. रिकाम्या खोलीतही त्याला तो आवाज ऐकू येत होता.

कॅननबॉल ॲडर्ली यांनी याच्या नेमके उलट केले. १९६६ सालच्या त्यांच्या अतिशय गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर ती शिकागोच्या क्लबात मुद्रित झाल्याचे छापले होते. प्रत्यक्षात ती हॉलिवूडमधील स्टुडिओतच झाली. मात्र तिथे पाहुण्यांना बोलावून पेये पाजली होती, त्यांना मोकळे सोडले होते. एकाने नसलेल्या गोंगाटाला दटावले, दुसऱ्याने नसलेला गोंगाट आमंत्रण देऊन आणविला. ॲडर्ली यांच्या ध्वनिमुद्रिकेतील आरोळ्या काढून टाकल्या, तर खाली उरेल ते संगीत चांगलेच असेल, पण आजच्या निम्मेही राहणार नाही.

आरोळ्यांवरून न्यूपोर्टची हकीगत सांगितलीच पाहिजे, कारण तिचा नायक आपल्यापैकी अनेकांचा आडनावबंधू आहे. ७ जुलै १९५६ रोजी न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात एलिंग्टन यांचा वाद्यवृंद रात्री फार उशिरा रंगमंचावर आला. लोक घरी निघाले होते. एका जुन्या रचनेच्या मध्यभागी एलिंग्टन यांनी सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्विस यांना पुढे केले, आणि गोन्साल्विस यांनी २७ आवर्तने सलग वाजविली. सहाव्या-सातव्या आवर्तनाच्या सुमारास काळ्या पोशाखातील एक सोनेरी केसांची स्त्री उठून नाचू लागली. मग रांगाच्या रांगा उठल्या, लोक खुर्च्यांवर चढले. दंगल होते की काय या भीतीने आयोजक जॉर्ज वाईन यांचे धाबे दणाणले. पण एलिंग्टन यांनी वादन थांबविले नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचे चित्र 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. हे गोन्साल्विस केप व्हर्दे बेटांवरून अमेरिकेत आलेल्या कुटुंबातले. ती बेटे पोर्तुगीजांची वसाहत. आमची वसई १७३९पर्यंत त्यांच्याच ताब्यात होती. एकाच राजवटीने एक आडनाव आटलांटिकच्या बेटांवर पेरले आणि एक आमच्या वाडीत.

गंमत पुढेच आहे. गोन्साल्विस त्या रात्री चुकून दुसऱ्याच, म्हणजे 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या रेडिओच्या, मायक्रोफोनसमोर वाजवीत होते. त्यामुळे कोलंबिया कंपनीच्या मुद्रणात त्यांचा सॅक्सोफोन दूरचा उमटला. कंपनीने मग काही भाग स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतला आणि त्याच्यावर टाळ्या व आरोळ्या चिकटविल्या. रेडिओच्या फितीच्या आधारे त्या रात्रीचे खरे वादन खऱ्या आरोळ्यांसह प्रसिद्ध झाले ते १९९९ साली. आम्ही दोन्ही ऐकली आहेत. चिकटवलेल्या टाळ्या ठराविक वेळी येतात आणि ठराविक वेळी जातात. खऱ्या लोकांना असा शिस्तीचा सराव नसतो.

कीथ जॅरेट यांच्याविषयी थोडक्यात. शांत सभागृहात एकट्याने पियानो वाजवून त्यांनी जगाला वेड लावले. खोकल्याने त्यांचे वादन थांबे. २००७ साली इटलीतील पेरुजा येथे तर छायाचित्रे काढणाऱ्यांवर त्यांनी वादनाआधीच भर रंगमंचावरून शिव्यांची लाखोली वाहिली. महोत्सवाने त्यांना पुन्हा न बोलावण्याचे जाहीर केले, आणि २०१३ साली पुन्हा बोलावले. कॅमेऱ्याच्या बाबतीत आम्ही जॅरेट यांच्या बाजूचे आहोत, शिव्यांच्या बाबतीत नाही. खोकल्याच्या बाबतीत मात्र एवढेच म्हणावेसे वाटते की हे गृहस्थ वाजविताना स्वतः मोठ्याने कण्हत आणि गुणगुणत, आणि ते कोणी थांबवू शकले नाही.

मुंबईत जॅझ रुजले ते हॉटेलांतून. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवून गेला. मग इतर आले, आणि त्यांच्याकडून गोव्याच्या तरुणांनी हे संगीत उचलले. स्वरलेखन त्यांना गावच्या चर्चच्या संगीतशाळेने आधीच शिकविले होते. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजेच अंतोनियो झेवियर वाझ, हे त्यांतले प्रसिद्ध नाव. सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' चित्रपटातील वाद्यमेळामागे त्यांचा हात होता. दिवसा चित्रपटाच्या स्टुडिओत, रात्री हॉटेलात, असा या वादकांचा दिनक्रम.

आम्ही पूर्वी सेवा केलेल्या एका धर्मग्रामात असेच एक वृद्ध ट्रम्पेटवादक होते. साठच्या दशकात चर्चगेट परिसरातील रेस्टॉरंटांत त्यांनी वाजविले होते. ख्रिस्तप्रसाद घेऊन आम्ही त्यांच्या घरी जात असू. विधी झाला की ते जुन्या गोष्टी काढीत. एकदा म्हणाले, "फादर, आम्ही लोकांच्या तोंडाकडे बघत नव्हतो. तोंडं हालतच असायची. काट्या-चमच्यांचा आवाज थांबला की समजायचं, कुणीतरी ऐकतंय." आणि एकही चमचा थांबला नाही तर? "मग त्या रात्री आम्ही एकमेकांसाठी वाजवायचो. सर्वात चांगलं वाजवलं ते त्याच रात्री, पण ते ऐकलं कुणी?" हे ते तक्रारीच्या सुरात सांगत नसत. त्या पगारावर त्यांनी तीन मुलांना शिकविले होते.

ऐकण्यासाठीच येणारा श्रोता मुंबईच्या जॅझला मोठ्या प्रमाणावर भेटला तो निरंजन झवेरी यांनी १९७८ साली सुरू केलेल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात. धोबी तलावाजवळ, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी असलेल्या रंगभवनाच्या खुल्या प्रांगणात सॉनी रोलिन्स यांच्यासारख्यांनी वाजविले. पण आसपास रुग्णालये आणि महाविद्यालय. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शाळा-कॉलेजे आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरांचा परिसर शांतता क्षेत्र ठरविला, आणि पुढे रंगभवनातील मैफली थांबल्या. ज्या संगीतासाठी श्रोत्यांनी शांत राहावे, तेच गोंगाट ठरले! संगीतप्रेमी त्यावर हळहळतात, आम्हीही हळहळलो. परंतु रात्री अकरा वाजता रुग्णालयाच्या वॉर्डात अंत्यलेपन करण्याचे प्रसंग आमच्यावर अनेकदा आले आहेत. त्या खाटेवरील माणसाने काही तिकीट काढलेले नसते.

यंदा आमच्या धर्मग्रामाच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी पाच जणांचा एक संच जॅझ वाजविणार आहे: तीन निवृत्त वादक आणि त्यांचे दोन तरुण शिष्य. त्यांतील बासवादक मुलगी अवघी १९ वर्षांची आहे. कार्यक्रम समितीच्या सभेत सूचना आली की मंडपात 'कृपया शांतता राखा' असे फलक लावावेत आणि प्रारंभी फादरांनी चार शब्द कडक बोलावेत. दोन्ही गोष्टींस आम्ही नकार दिला. जेवणाची टेबले मात्र मंडपातून काढून शाळेच्या बाजूच्या पडवीत न्यायला सांगितली, आणि शेवटच्या दोन रचना चालू असताना वाढपी मंडळींनी हात थांबवावेत असे ठरविले. कॅटररने हरकत घेतली. तेवढ्या वेळात बटाटवडे थंड होतील, आणि थंड वड्यांबद्दल लोक त्यालाच बोल लावतील, असे तो म्हणतो. त्याचे म्हणणे रास्त आहे. तेव्हा वडे त्या दोन रचना झाल्यावरच तळायचे, यावर सध्या समितीत बोलणे चालू आहे.